वर्ग, दिवस आणि दार : रणजी करंडकाच्या बदलत्या रचनेचा लेखाजोखा

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर सर्वांत खाली, बारीक टंकात, एक तक्ता छापलेला असतो. ‘एलिट गट अ’, ‘एलिट गट ब’, ‘प्लेट गट’ अशी त्यावर शीर्षके असतात आणि त्याखाली राज्यांची नावे, खेळलेले सामने आणि मिळालेले गुण. हा तक्ता रणजी करंडकाचा असतो. बहुतेक वाचक त्यावरून नजर फिरवून पुढच्या पानाकडे वळतात. या गटांची नावे कोणी ठरविली, एखाद्या संघाला वरच्या वर्गात वा खालच्या वर्गात का बसविले आणि कोणाला सात सामने तर कोणाला पाचच का, हा विचार सहसा मनात येत नाही. वस्तुतः क्रिकेटलाच उपजीविका मानून बसलेल्या शेकडो तरुणांचे वर्षभराचे भवितव्य या बारीक टंकात दडलेले असते.

आपल्या मावळ तालुक्याला तर हा विषय परका राहिलेलाच नाही. कार्ल्याहून मळवली स्थानक गाठावे, पुण्याकडे जाणारी लोकल पकडावी आणि कामशेत, वडगाव, तळेगाव मागे टाकीत बेगडेवाडीपर्यंत जावे. तेथून गहुंजे फार दूर नाही. द्रुतगती मार्गाने जाताना दिसणारे सुमारे ३७,००० प्रेक्षकांचे ते मैदान महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात तेथे पहिला कसोटी सामना झाला. परंतु त्याच मैदानावर, बहुतांश रिकाम्या आसनांसमोर, महाराष्ट्राचा संघ रणजीचे चार-चार दिवसांचे सामनेही खेळत आला आहे. २०१२-१३ च्या मोसमात केदार जाधव यांनी उत्तर प्रदेशाविरुद्ध ३२७ धावांची खेळी केली, ती येथेच.

एका पराभवाचा मोसम

स्पर्धेचा आरंभ १९३४-३५ मध्ये झाला. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रास आणि म्हैसूर यांच्यात चेपॉकवर पहिला सामना झाला आणि मद्रासने तो त्याच दिवशी जिंकला. स्पर्धा बाद पद्धतीची होती. म्हणजे म्हैसूरच्या खेळाडूंसाठी रणजी करंडकाचा पहिला मोसम सकाळी सुरू होऊन सायंकाळी संपला! पुढील दोन दशकांहून अधिक काळ हीच रीत राहिली. देशाचे विभाग पाडलेले. विभागात हरला तो घरी गेला. विभाग जिंकणारे संघ पुढे एकमेकांशी झुंजले. वर्ग नव्हते, गुणतक्ता नव्हता. सारे संघ कागदोपत्री समान होते आणि एका पराभवाने सारे सारखेच बाहेर पडत होते.

या पद्धतीत महाराष्ट्राने मोठे दिवस पाहिले. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राच्या संघाला तो पुन्हा लाभलेला नाही.

त्या काळातील विरोधाभास पाहण्यासारखा आहे. मोसम अतिशय आखूड, पण सामने मात्र कधीकधी कमालीचे लांब. मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. बेरीज २,३७६! प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील धावांचा तो विश्वविक्रम अद्याप अबाधित आहे. दुसऱ्या डावात सहाशे धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला आणि त्याचा मोसम संपला. त्याच मोसमात, डिसेंबर १९४८ मध्ये, भाऊसाहेब निंबाळकर पुण्यातच काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम अवघा नऊ धावांवर उभा होता. विश्रांतीच्या वेळी काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि विक्रम तसाच राहिला. बाद पद्धतीत हरणाऱ्याला पुढे काहीच मिळवायचे नसते. त्यामुळे मैदानात उभे राहण्याचे कारणही त्याच्यापाशी उरत नाही. आज प्रत्येक गुणासाठी धडपडणारा साखळीतील संघ असे करण्याचा विचारही करणार नाही.

विभागाच्या भिंती

१९५७-५८ पासून विभागांत साखळी पद्धत आली. आता विभागातील प्रत्येक संघ इतर सर्वांशी खेळू लागला. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे पाच संघ. म्हणजे प्रत्येकाला चार सामन्यांची शाश्वती. खेळाडूंच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होती. पहिल्या सामन्यात शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाला आणखी तीन सामने मिळू लागले.

तथापि पुढच्या फेरीचे दार अरुंदच राहिले. विभागातून केवळ पहिला संघ पुढे जाई. पश्चिमेत पहिला कोण, हे सांगण्यास ज्योतिष्याची आवश्यकता नव्हती. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा करंडक जिंकला. त्या पंधरा वर्षांत बडोदा वा महाराष्ट्र येथे जन्मलेल्या गुणी खेळाडूचे दुर्दैव एवढेच, की त्याच्या शेजारी मुंबई होती. दुसऱ्या एखाद्या विभागात जो संघ सहज पुढे गेला असता, तो येथे जानेवारीतच मोकळा होई.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. याचा परिणाम काय झाला? त्याच वर्षी अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र या एकाच विभागातील दोन संघांत झाला! जुना नियम असता, तर यांच्यापैकी एकाला अंतिम फेरी दिसलीच नसती. गावसकर, वाडेकर, सरदेसाई आणि सोलकर हे मुंबईकर त्या वेळी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. महाराष्ट्राची गुणवत्ता एका वर्षात वाढलेली नव्हती. नियमाने दाराची एक फळी उघडली होती.

एलिट आणि प्लेट

विभाग भूगोलाने पडले होते. २००२-०३ मध्ये ते मोडून संघांची वर्गवारी गुणवत्तेनुसार करण्यात आली. वरचा वर्ग ‘एलिट’, खालचा ‘प्लेट’. २००६-०७ मध्ये नावे बदलून ‘सुपर लीग’ आणि ‘प्लेट लीग’ झाली. हेतू रास्त होता. तुल्यबळ संघ परस्परांशी खेळावेत, एकतर्फी सामने टळावेत आणि खालच्या संघांना चढण्याची आणि वरच्यांना घसरण्याची जाणीव राहावी.

परंतु प्रारंभी प्लेटमधील संघाला त्या वर्षी करंडक जिंकण्याची संधीच नव्हती. उत्तम खेळला, तर पुढील वर्षी वरच्या वर्गात प्रवेश, एवढेच पारितोषिक. २००८-०९ पासून प्लेटमधील अग्रेसर संघांनाही त्याच मोसमाच्या बाद फेरीत स्थान देण्यात आले. आणि लवकरच नवल घडले. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट गटात होता. त्याने नोव्हेंबरमध्ये जयपूर येथे हैदराबादला अवघ्या २१ धावांत गुंडाळले. पदार्पण करणाऱ्या दीपक चहर यांनी १० धावांत ८ बळी घेतले. तोच राजस्थान पुढे बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात सरस ठरला आणि इतिहासात प्रथमच रणजी विजेता झाला. पूर्वी आठ अंतिम सामने हरलेल्या संघाला प्लेटच्या पायरीवरून करंडक मिळाला आणि पुढील वर्षी त्याने तो राखलाही.

२०१२-१३ मध्ये पुन्हा फेररचना झाली. २७ संघांचे नऊ-नऊचे तीन गट झाले. अ आणि ब गटांतून प्रत्येकी तीन, तर क गटातून दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. साखळीचे सामने प्रत्येकी आठ झाले. २०१३-१४ मध्ये आपला महाराष्ट्र या तिसऱ्या, म्हणजे क गटात होता. तेथून तो वर आला, वानखेडेवर मुंबईला नमविले, इंदूरला बंगालला दहा गडी राखून हरविले आणि थेट अंतिम सामना गाठला. हैदराबादेत कर्नाटकाने सात गडी राखून विजय मिळविला, ही गोष्ट वेगळी. त्या मोसमात स्पर्धेतील सर्वाधिक धावा, १,२२३, केदार जाधव यांच्या होत्या. क गटाला दोन जागा नसत्या, तर या धावांपैकी बाद फेरीतील धावा झाल्याच नसत्या आणि उरलेल्यांकडे किती जणांचे लक्ष गेले असते, हा प्रश्नच आहे.

२०१७-१८ मध्ये एक वर्षभर वर्गच नव्हते. २८ संघ, सात-सातचे चार समान गट, प्रत्येकाला सहा साखळी सामने आणि प्रत्येक गटातून दोन संघ पुढे. त्या वर्षी विजेता कोण ठरला? विदर्भ! इंदूरला दिल्लीला हरवून नागपूरकरांनी पहिला करंडक उचलला. पुढील वर्षी, वर्ग परत आल्यावरही, त्यांनी तो राखला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला.

मोठ्या कुटुंबाचा प्रपंच

२०१८-१९ मध्ये बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी आणि ईशान्येकडील सहा राज्ये अशा नऊ नव्या संघांनी प्रवेश केला आणि संख्या ३७ झाली. पुढील वर्षी चंडीगडमुळे ३८. नवोदितांसाठी पुन्हा प्लेट गट निर्माण झाला. तेव्हा विक्रमांचे मोल कसे करावे, हा नवा प्रश्न उद्भवला. बिशनसिंग बेदी यांनी १९७४-७५ मध्ये एका मोसमात ६४ बळी घेतले होते. हा विक्रम २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमन यांनी ६८ बळी घेऊन मोडला, पण प्लेट गटात. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबे यांनी एलिट गटातून ६९ बळी घेतले. तिन्ही आकडे एकाच रकान्यात छापले जातात. वर्ग आणि सामन्यांची संख्या यांचा उल्लेख त्याशेजारी नसेल, तर तो रकाना अपुरा समजावा.

वर्गवारीच अनावश्यक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. मार्च २०२२ मध्ये प्लेट गटाचा विजेता नागालँड बाद फेरीत झारखंडसमोर उभा राहिला. झारखंडने ८८० धावा केल्या, नागालँडला २८९ धावांत बाद केले आणि तरीही पुन्हा फलंदाजीच करीत राहून आघाडी १,००८ धावांवर नेली. अशा सामन्याने ना जिंकणाऱ्याची परीक्षा होते, ना हरणाऱ्याचे शिक्षण. २०२२-२३ पासून एलिटमध्ये आठ-आठचे चार गट म्हणजे ३२ संघ आणि प्लेटमध्ये ६ संघ अशी विभागणी झाली. प्लेटमधून त्याच मोसमात करंडकाकडे जाणारा मार्ग बंद झाला. दोन संघांना पुढील वर्षाची बढती आणि एलिटमधील दोघांची घसरण, एवढा दुवा राहिला. दोनदा करंडक जिंकलेला हैदराबादही या घसरणीतून सुटला नाही. २०२३-२४ मध्ये तो प्लेटमध्ये खेळला आणि परत वर आला. २०२५-२६ पासून तर ही अदलाबदल दोनाऐवजी एकाच संघापुरती करण्यात आली.

परदेशातील एक तुलना

वर्गवारीचा सर्वांत विस्तृत प्रयोग अमेरिकेत बेसबॉलमध्ये झालेला आहे. तेथील मुख्य संघांच्या खाली ‘मायनर लीग’ नावाची दुय्यम स्पर्धांची उतरंड आहे. १९०१ मध्ये या स्पर्धांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली आणि ए, बी, सी, डी असे वर्ग पाडण्यात आले. १९१२ मध्ये त्यावर डबल ए आणि १९४६ मध्ये ट्रिपल ए हा वर्ग चढला. १९४९ मध्ये अशा ५९ स्पर्धा चालू होत्या; गावोगावी संघ होते. पुढे प्रेक्षक ओसरले आणि १९६३ मध्ये बी, सी, डी हे वर्ग रद्द झाले. २०२१ मध्ये मोठी काटछाट होऊन १६० संघांचे १२० उरले. जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरच्या आरंभी संपणाऱ्या आखूड मोसमाच्या स्पर्धाही त्यात गेल्या. २०२२ पासून ट्रिपल ए वर्गात प्रत्येक संघाला १५०, डबल ए मध्ये १३८ आणि त्याखालील ए वर्गांत १३२ सामने ठरले. जेवढा वर्ग वरचा तेवढा मोसम लांब, हे सूत्र तेथेही दिसते.

एक भेद मात्र मूलभूत आहे. तेथे खेळाडूचा वर्ग ठरतो. मुख्य संघ आपल्या ताब्यातील तरुणाला गुणवत्तेनुसार मोसमाच्या मध्यावरही एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर हलवितो. तो ज्या संघात खेळत होता, तो संघ आहे तेथेच राहतो. आपल्याकडे संघाचा वर्ग ठरतो आणि खेळाडू त्यासोबत चढतो किंवा उतरतो. दुर्बल संघातील सबळ खेळाडूला वर्गाचे ओझे वाहावेच लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिहारच्या साकिबुल गनी यांनी प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच ३४१ धावा केल्या. असे जगात पूर्वी कोणी केले नव्हते. तो सामना प्लेट गटातील होता, म्हणून कौतुकाच्या प्रत्येक वाक्यात ‘पण’ हा शब्द आला.

हिशेबाची बाजू

आयुष्यभर बँकेत आकडेमोड केल्यामुळे हा भाग टाळता येत नाही. कर्जाचा अर्ज छाननीस आला, की अर्जदाराची कमाई वर्षाचे किती दिवस चालते, हे आम्ही प्रथम पाहत असू. तोच निकष येथे लावू. नियामक मंडळाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दरानुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला प्रतिदिन ४०,००० रुपये, २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५०,००० आणि त्याहून अधिक खेळलेल्याला ६०,००० रुपये मानधन मिळते. अंतिम अकरांत नसलेल्या राखीव खेळाडूला याच्या निम्मे. हा दर वर्ग पाहत नाही. एलिट आणि प्लेट दोन्हींना तोच. बेसबॉलमध्ये याउलट वेतनच वर्गानुसार ठरते. २०२३ च्या करारानुसार ट्रिपल ए मध्ये वर्षाला किमान ३५,८०० डॉलर, तर सर्वांत खालच्या ए वर्गात २६,२०० डॉलर.

मग आपल्याकडे समता आहे, असे म्हणावे काय? नवोदित खेळाडूचा हिशेब मांडू. एलिटमध्ये साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस. २८ दिवसांचे ११,२०,००० रुपये. प्लेटमध्ये सहा संघ, म्हणून पाच सामने. २० दिवसांचे ८,००,००० रुपये. दर एकच, तरीही फरक ३,२०,००० रुपयांचा. शिवाय हे सर्व सामने खेळायला मिळाले तर! २०२१-२२ मध्ये साथीमुळे मोसम आखडला आणि एलिटमधील प्रत्येक संघाला साखळीचे तीनच सामने मिळाले. म्हणजे १२ दिवस आणि ४,८०,००० रुपये. त्याआधीच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, १९३४ पासून प्रथमच स्पर्धा रद्द झाली आणि खेळाडूंना नुकसानभरपाई म्हणून निम्मे मानधन देण्याचे ठरले. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेतील मायनर लीगचा मोसमही रद्द झाला होता. वर्गाच्या नावात मान असेल. उदरनिर्वाह मात्र दिवसांच्या संख्येत आहे.

मोसमाच्या दिवसांना आपल्याकडे निसर्गाचीही मर्यादा आहे. मावळात राहणाऱ्यास पावसाळा म्हणजे काय, हे समजावून सांगणे नको. मैदाने वाळून खेळपट्ट्या सिद्ध व्हायला ऑक्टोबर उजाडतो आणि वसंतात वीस षटकांची व्यावसायिक स्पर्धा येऊन उभी राहते. उरलेल्या पाच महिन्यांतच एकदिवसीय आणि वीस षटकांच्या राष्ट्रीय स्पर्धाही बसवायच्या असतात. म्हणून २०२४-२५ मध्ये रणजी करंडक दोन भागांत विभागण्यात आला. पाच फेऱ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाल्या, उरलेल्या दोन २३ जानेवारीपासून आणि अंतिम सामना फेब्रुवारीअखेर सुरू होऊन २ मार्चला संपला. यात उत्तरेकडील धुके टळले, खेळाडूंना विसावा मिळाला. पण नोव्हेंबरात ऐन भरात असलेल्या गोलंदाजाला दोन महिने वेगळ्याच प्रकारच्या खेळात घालवून पुन्हा चार दिवसांच्या सामन्याकडे वळावे लागले.

पालकांनी काय पाहावे

लोणावळा, वडगाव, तळेगाव येथील आपल्या कुटुंबांतूनही आता हा प्रश्न घरात येऊ लागला आहे. मुलगा वा नातू शाळेच्या संघात चमकतो. दहावीनंतर त्याला वाणिज्य शाखेत घालून सनदी लेखापालाच्या मार्गाला लावावे, की आणखी काही वर्षे मैदानावर राहू द्यावे? अशा वेळी बहुतेक पालक मोठ्या स्पर्धेच्या लिलावातील कोट्यवधींचे आकडे पाहतात. त्याऐवजी त्यांनी तीन गोष्टींची चौकशी करावी, असे सुचवावेसे वाटते. ज्या वयोगटात मुलगा खेळतो, तेथे त्याला वर्षाला निश्चित किती सामने मिळतात? एका अपयशानंतर दुसरी संधी मिळण्याची व्यवस्था त्या स्पर्धेत आहे काय? आणि खालच्या गटातून वरच्या गटात जाण्याचा मार्ग त्याच वर्षी खुला आहे, की पुढील वर्षाची वाट पाहावी लागते? मुलाच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व या उत्तरांना आहे.

नियामकांपुढेही एक विनंती ठेवावीशी वाटते. नागालँडसारख्या संघाला थेट करंडकाच्या बाद फेरीत ढकलणे योग्य नव्हते, हे मान्य. परंतु त्यावर उपाय म्हणून बढतीची जागा दोनावरून एकावर आणणे हा हिशेब पटत नाही. सहा संघांच्या गटात एकच जागा असली, की आरंभीचे दोन सामने गमावलेल्या संघाला उरलेल्या सामन्यांत खेळण्यासारखे फारसे काही राहत नाही. आणि अशा संघाचे काय होते, ते १९४८ च्या काठेवाडने दाखविलेले आहे. दोन जागा पूर्ववत कराव्यात आणि प्लेटमधील संघांना आणखी दोन-तीन सामने मिळतील, अशी आखणी करावी. १९७०-७१ चा महाराष्ट्र, २०१०-११ चा राजस्थान आणि २०१७-१८ चा विदर्भ हे सारे नियमातील एखाद्या फटीतूनच आत आले होते.

येत्या हिवाळ्यात गहुंज्याला महाराष्ट्राचा सामना असेल, तेव्हा सुटीच्या दिवशी नातवंडांना घेऊन अवश्य जावे. जागा मुबलक मिळेल. आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील तो बारीक टंकातला तक्ता त्यांच्यासमवेत वाचावा. पहिल्या ओळीपासून नव्हे, तर तळापासून.